विम सोर्सपासून कंपाइल करणे : पायथन, लुआ, रुबी आणि पर्लच्या सोयीसह

विम या मजकूर-एडिटरमध्ये एखादे प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) बसवले, विम उघडला आणि पडद्याच्या तळाशी ‘पायथन ३ ची सोय हवी’ अशा अर्थाचा संदेश आला, तर दोष बहुधा प्लगइनचा नसतो आणि यंत्रावरच्या पायथनचाही नसतो. टर्मिनलमध्ये पायथन व्यवस्थित चालत असूनही विमला तो मिळत नाही, कारण विम पायथनला बाहेरचा प्रोग्रॅम म्हणून चालवत नाही. पायथनचा इंटरप्रिटर (पायथनचा कोड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) तो स्वतःच्याच प्रक्रियेत सामावून घेतो आणि त्यासाठी लागणारा दुवा विम कंपाइल होतानाच, म्हणजे सोर्स कोडपासून तयार होतानाच, बायनरीत (चालवण्याजोग्या फाइलीत) जावा लागतो. विमच्या सोर्समध्ये ‘इफ_पायथन३.सी’, ‘इफ_लुआ.सी’, ‘इफ_रुबी.सी’ आणि ‘इफ_पर्ल.एक्सएस’ अशा प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र फाइली आहेत. तुमचा विम तयार करताना त्या वगळल्या गेल्या असतील, तर विमआरसीमध्ये (विमच्या सेटिंग्जच्या फाइलीत) काहीही लिहून ती उणीव भरून निघत नाही. यूकम्प्लीटमी आणि अल्टिस्निप्स यांसारखी पायथन ३ वर उभी असलेली प्लगइन वापरणाऱ्यांना म्हणूनच कधी ना कधी विम स्वतः कंपाइल करण्याची वेळ येते.

या लेखात कमांड, पर्याय आणि फाइली यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, वेगळे सांगितले नसेल तर लहान अक्षरांत, आणि इंग्रजी अंकांनी (1, 2, 3) टाईप करावीत. रेघा, बिंदू, बरोबरीची चिन्हे मात्र इथे दिसतात तशीच ठेवावीत. पर्यायांच्या शेवटी वारंवार येणारा ‘इंटरप’ म्हणजे ‘इंटरप्रिटर’ या शब्दाची पहिली सहा रोमन अक्षरे.

आधी गरज तपासा

पुढचे काहीही करण्यापूर्वी आपला सध्याचा विम काय जाणतो हे पाहावे. ‘विम --व्हर्जन’ ही कमांड दिली की सोयींची लांबलचक यादी येते आणि तीत प्रत्येक नावाच्या आधी अधिक किंवा उणे चिन्ह असते. ‘+पायथन३’ दिसले तर सोय आहे, ‘-पायथन३’ दिसले तर नाही, आणि ‘+पायथन३/डिन’ दिसले तर सोय आहे पण पायथनची लायब्ररी पहिल्या वापराच्या वेळी शोधली जाईल. लुआ, रुबी, पर्ल आणि टीसीएल यांच्याबाबतही हेच वाचन लागू पडते.

डेबियनवर साध्या विम पॅकेजऐवजी ‘विम-नॉक्स’ किंवा ‘विम-जीटीके३’ हे पॅकेज बसवले तरी या भाषांची सोय मिळते. तेवढ्याने काम भागत असेल तर कंपाइल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पॅकेजमधून आलेल्या विमला सुरक्षिततेचे बदल आपोआप मिळत राहतात, तर स्वतः तयार केलेल्या विमची ती जबाबदारी आपल्याकडे येते. प्लगइनला पॅकेजमधल्या विमपेक्षा नवी आवृत्ती हवी असेल, विशिष्ट आवृत्तीचा पायथन जोडायचा असेल, लुआऐवजी लुआजिट (लुआचा वेगवान अवतार) हवा असेल किंवा यंत्रावर पॅकेज बसवण्याचा अधिकारच नसेल, तर मात्र सोर्सचा मार्ग योग्य ठरतो.

लागणारे साहित्य

सी कंपायलर, मेक (कंपाइलच्या पायऱ्या चालवणारे साधन) आणि गिट (सोर्स उतरवणारे साधन) यांच्याशिवाय एनकर्सेस या टर्मिनलच्या लायब्ररीच्या हेडर फाइली (कंपायलरला लायब्ररीची ओळख करून देणाऱ्या फाइली) हव्यातच, कारण ती लायब्ररी सापडली नाही तर कॉन्फिगर, म्हणजे कंपाइलपूर्वी यंत्रावर काय आहे हे तपासणारी स्क्रिप्ट, तिथेच थांबतो. त्यानंतर प्रत्येक भाषेसाठी नुसता इंटरप्रिटर पुरत नाही. त्या भाषेच्या हेडर फाइली आणि लायब्ररी लागतात. डेबियन व उबुंटूवर त्या ‘-डेव्ह’ असे शेपूट असलेल्या पॅकेजांत आणि फेडोरावर ‘-डेव्हल’ असे शेपूट असलेल्या पॅकेजांत मिळतात. डेबियनच्या घराण्यात एवढी कमांड पुरते :

सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल गिट लिबएनकर्सेस-डेव्ह पायथन३-डेव्ह लुआ५.४ लिबलुआ५.४-डेव्ह रुबी-डेव्ह लिबपर्ल-डेव्ह

लुआचा आकडा आपल्या यंत्रावर उपलब्ध असलेल्या आवृत्तीप्रमाणे बदलावा, पण इंटरप्रिटर आणि हेडर या दोहोंचा आकडा एकच असेल याची काळजी घ्यावी. ५.३ चा इंटरप्रिटर आणि ५.४ चे हेडर अशी जोडी असली की कॉन्फिगर आधी इंटरप्रिटरला त्याची आवृत्ती विचारतो, मग त्याच आवृत्तीचे हेडर शोधतो आणि ते न सापडल्यामुळे लुआ सोडून देतो. फेडोरावर पर्लसाठी ‘पर्ल-डेव्हल’बरोबर ‘पर्ल-एक्स्टयूटिल्स-एम्बेड’ (‘एक्स्टयूटिल्स’मधले ई आणि यू व ‘एम्बेड’मधले पहिले ई मोठे) हे पॅकेजही घ्यावे, कारण पर्लला दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसवण्यासाठी कोणते कंपायलर-पर्याय लागतात हे विम याच मॉड्यूलला विचारतो.

ज्या भाषा खरोखर लागणार आहेत तेवढ्याच घ्याव्यात. बहुतेकांना पायथन ३ पुरेसा असतो. लुआ हवा असणारे त्याहून कमी, रुबी आणि पर्ल हवे असणारे आणखी कमी. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला असून आज तो जोडण्याचे कारण उरलेले नाही. शिवाय दोन्ही पायथन एकाच विममध्ये घेतल्यास लिनक्सवर एका सत्रात त्यांपैकी एकच वापरता येतो. पायथन ३ ची कमांड दिल्यावर पायथन २ ची दिली, तर विम ई८३६ ही चूक दाखवून नकार देतो.

सोर्स मिळवणे

विमचा अधिकृत सोर्स गिटहबवर ‘विम’ या खात्यात ‘विम’ याच नावाने आहे. ‘गिट क्लोन’ करताना ‘--डेप्थ=१’ दिल्यास जुना इतिहास वगळून फक्त ताजी स्थिती उतरते आणि वेळ वाचतो. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये अमिगा संगणकासाठी प्रसिद्ध केलेल्या या एडिटरची देखभाल ऑगस्ट २०२३ मधील त्यांच्या निधनानंतर स्वयंसेवकांचा गट करीत आहे, आणि २ जानेवारी २०२४ रोजी आलेली ९.१ ही आवृत्ती त्यांच्या स्मृतीला अर्पण केलेली आहे. प्रत्येक लहान दुरुस्तीला विमच्या भांडारात (गिट रिपॉझिटरीत) स्वतःचा क्रमांक आणि टॅग मिळतो. त्यामुळे एखादे प्लगइन ‘अमुक क्रमांकाच्या पुढचा विम हवा’ असे सांगत असेल, तर नेमका तो टॅग उतरवून कंपाइल करता येतो.

कॉन्फिगर : सगळे इथेच ठरते

विम कंपाइल करताना होणारी बहुसंख्य निराशा एकाच कारणाने होते. तुम्ही मागितलेली भाषा कॉन्फिगरला सापडली नाही, तर तो मूळ स्वभावाने थांबत नाही. शेकडो ओळींच्या मजकुरात एक ओळ छापून ती भाषा वगळतो आणि पुढे जातो. मेक यशस्वी होतो, इन्स्टॉलही यशस्वी होते, आणि नवा विम उघडल्यावर तेच ‘-पायथन३’ समोर येते. म्हणून कंपाइल निर्विघ्न पार पडणे हा सोय आत आल्याचा पुरावा मानू नये.

यावर विमच्याच कॉन्फिगरमध्ये उपाय आहे आणि तो फारसा वापरला जात नाही याचे मला वाईट वाटते. ‘--इनेबल-फेल-इफ-मिसिंग’ हा पर्याय दिला की मागितलेली गोष्ट न मिळाल्यास कॉन्फिगर चूक दाखवून तिथेच थांबतो. तो जोडलेली संपूर्ण कमांड अशी होते. ती भांडाराच्या मुख्य डिरेक्टरीत द्यावी :

./कॉन्फिगर --विथ-फीचर्स=ह्यूज \
--इनेबल-पायथन३इंटरप=डायनॅमिक \
--इनेबल-लुआइंटरप=डायनॅमिक \
--इनेबल-रुबीइंटरप=डायनॅमिक \
--इनेबल-पर्लइंटरप=डायनॅमिक \
--इनेबल-फेल-इफ-मिसिंग \
--प्रीफिक्स=$होम/.लोकल

यात ‘होम’ हा एकच शब्द मोठ्या अक्षरांत टाईप करायचा आहे. ‘प्रीफिक्स’मुळे सगळे काही स्वतःच्या होम डिरेक्टरीत जाते, सुडो लागत नाही आणि पॅकेजमधल्या विमला धक्का लागत नाही. यंत्रावरील सर्वांसाठी विम बसवायचा असेल तर तो पर्याय गाळावा, म्हणजे ‘/यूएसआर/लोकल’ हे ठिकाण गृहीत धरले जाते. ‘ह्यूज’ हा सोयींचा सर्वांत मोठा संच. ‘टायनी’ संचात स्क्रिप्टिंग भाषांना जागाच नाही.

आता ‘डायनॅमिक’ या शब्दाविषयी, कारण ही निवड पुढे अनेक महिने आपल्याबरोबर राहते. त्याऐवजी ‘येस’ लिहिले तर पायथनची लायब्ररी विमच्या बायनरीला कायमची जोडली जाते आणि विम सुरू होताना ती प्रत्येक वेळी लोड होते. एके दिवशी यंत्रणेच्या अद्ययावतीकरणात पायथन ३.११ जाऊन ३.१२ आला की ‘लिबपायथन३.११.एसओ.१.०’ ही फाइल नाहीशी होते आणि विम उघडतच नाही. लोडर ती लायब्ररी मिळत नसल्याचे सांगून प्रक्रिया संपवतो. ज्या एडिटरने ती अडचण दुरुस्त करायची, तोच बंद पडलेला असतो. ‘डायनॅमिक’ लिहिल्यास विमला फक्त लायब्ररीचे नाव ठाऊक असते आणि पायथनची पहिली कमांड येईपर्यंत तो तिला हात लावत नाही. लायब्ररी नसेल तर ई३७० आणि ई२६३ या चुका दिसतात, पायथनची प्लगइन चालत नाहीत, पण विम चालतो. इतकेच नव्हे, तर विमआरसीमध्ये ‘पायथनथ्रीडीएलएल’ हा पर्याय ठरवून दुसरी लायब्ररी दाखवता येते, फक्त ती कंपाइल करताना वापरलेल्या पायथनशी जुळणारी असावी लागते. ही शेवटची अट सैल करायची असेल तर विमच्या अलीकडच्या सोर्समध्ये ‘--विथ-पायथन३-स्टेबल-एबीआय=३.८’ असा पर्याय आहे. त्यामुळे ‘डायनॅमिक’ विम पायथनच्या फक्त स्थिर भागावर विसंबतो आणि पुढच्या आवृत्त्यांची लायब्ररीही स्वीकारतो. यंत्रणा वारंवार अद्ययावत होत असेल तर मी हाच मार्ग सुचवेन.

कॉन्फिगर चालू असताना पडद्यावरचा मजकूर वाचावा किंवा ‘टी’ कमांडने फाइलमध्ये साठवून घ्यावा. पायथनच्या भागात आधी पायथन ३ चा पत्ता, मग आवृत्ती, मग तो कुठे बसवला आहे आणि त्याची कॉन्फिगरेशन डिरेक्टरी कोणती, अशा ओळी येतात. सर्वांत शेवटी कंपाइल व लिंकचे पर्याय सुसंगत आहेत का याची छोटी चाचणी होते आणि तिच्यापुढे ‘येस’ हवे. ‘नो : पायथन३ डिसेबल्ड’ असे आल्यास कारण ‘एसआरसी/ऑटो/कॉन्फिग.लॉग’ या फाइलमध्ये मिळते. तिथे त्या चाचणीच्या नावाचा शोध घेतल्यास कंपायलरने दिलेली मूळ चूक जशीच्या तशी दिसते, बहुधा ‘पायथन.एच’ सापडली नाही किंवा लिंक करण्यासाठी लायब्ररी मिळाली नाही, या दोहोंपैकी एक.

पहिल्या ओळीतला पायथनचा पत्ता विशेष लक्ष देऊन पाहावा. कॉन्फिगर हा ‘पाथ’मध्ये (शेल ज्या डिरेक्टऱ्यांत प्रोग्रॅम शोधतो त्या यादीत) सर्वांत आधी सापडणारा पायथन ३ घेतो. कोंडाचे किंवा व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचे (एखाद्या प्रकल्पापुरते वेगळे ठेवलेल्या पायथनचे) वातावरण चालू असताना कॉन्फिगर केले, तर विम त्या वातावरणातल्या पायथनशी बांधला जातो आणि ते वातावरण पुसले की सोयही जाते. ते आधी बंद करावे किंवा ‘--विथ-पायथन३-कमांड=/यूएसआर/बिन/पायथन३’ असा पूर्ण पत्ता द्यावा. पायएन्व्हने (पायथनच्या अनेक आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने) बसवलेला पायथन जोडायचा असल्यास तो ‘--इनेबल-शेअर्ड’ या पर्यायासह तयार केलेला असावा, अन्यथा ‘डायनॅमिक’ विमला उघडण्यासाठी लायब्ररीची फाइलच अस्तित्वात नसते. रुबीसाठी ‘--विथ-रुबी-कमांड’, लुआसाठी ‘--विथ-लुआ-प्रीफिक्स’ आणि लुआजिटसाठी ‘--विथ-लुआजिट’ असे समांतर पर्याय आहेत.

राहिलेले पॅकेज बसवून कॉन्फिगर पुन्हा चालवल्यावरही निकाल तोच आला, तर जुन्या चाचण्यांचे निकाल ‘एसआरसी/ऑटो/कॉन्फिग.कॅश’मध्ये साठवलेले असतात हे आठवावे. विमचा कॉन्फिगर त्यांवर विश्वास ठेवून नव्याने शोध घेत नाही. ‘मेक डिस्टक्लीन’ ही कमांड ते सारे पुसते. दोन कॉन्फिगरच्या मध्ये ती नेहमी द्यावी.

मेक, चाचणी, इन्स्टॉल

‘मेक -जे४’ दिल्यास चार फाइली एकाच वेळी कंपाइल होतात. आकडा आपल्या प्रोसेसरच्या गाभ्यांनुसार वाढवता येतो. चूक आल्यास ‘-जे’ काढून पुन्हा मेक द्यावा, म्हणजे चुकीचा संदेश इतर फाइलींच्या मजकुरात हरवत नाही. ‘मेक टेस्ट’ संपूर्ण चाचणीसंच चालवतो आणि त्याला बराच वेळ लागतो. आपल्याला फक्त भाषांचीच खात्री करायची असेल तर ‘एसआरसी’मध्ये जाऊन ‘मेक टेस्ट_पायथन३’ किंवा ‘मेक टेस्ट_लुआ’ इतके पुरे. शेवटी ‘मेक इन्स्टॉल’.

खात्री

इन्स्टॉलनंतर त्याच टर्मिनलमध्ये विम उघडल्यास जुनाच उघडण्याची शक्यता असते, कारण शेल आधीचा पत्ता लक्षात ठेवतो. ‘हॅश -आर’ देऊन तो विसरायला लावावा आणि ‘टाइप विम’ देऊन नवा पत्ता दिसतो का ते पाहावे. दिसत नसेल तर ‘$होम/.लोकल/बिन’ हे ‘पाथ’मध्ये ‘/यूएसआर/बिन’च्या आधी जोडावे लागेल. नवा विम उघडताना ई११८७ ही चूक येऊन ‘डीफॉल्ट्स.विम’ मिळत नाही असे कळले, तर शेलच्या एखाद्या फाइलमध्ये ‘विमरनटाइम’ हे चल जुन्या विमच्या पत्त्यावर अडकलेले आहे का ते तपासावे. तसे असल्यास ती ओळ काढून टाकावी. विम आपला रनटाइम स्वतः शोधतो.

यादीतले अधिक चिन्ह पाहून थांबू नये. ‘डायनॅमिक’ विममध्ये त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की दुवा कंपाइल झाला आहे. लायब्ररी उघडते की नाही हे त्यावरून कळत नाही. विममध्ये ‘:एको हॅज('पायथन३')’ दिल्यास तो लायब्ररी खरोखर उघडून पाहतो आणि यश आले तरच १ दाखवतो. ‘:एको हॅज('पायथन३_कंपाइल्ड')’ मात्र लायब्ररी नसली तरी १ दाखवतो. पहिले ० आणि दुसरे १ असेल तर पुन्हा कंपाइल करण्याची गरज नाही. ‘पायथनथ्रीडीएलएल’चे मूल्य सुधारावे. दोन्ही ० असतील तर कॉन्फिगरकडे परत जावे.

त्यानंतर प्रत्यक्ष काम करून घ्यावे. ‘:पाय३ इम्पोर्ट सिस; प्रिंट(सिस.व्हर्जन)’ या कमांडने आत कोणता पायथन आहे ते तळाशी छापले जाते. रोमन मजकुराची एखादी फाइल उघडून ‘:पाय३डू रिटर्न लाइन.अपर()’ दिल्यास तिची प्रत्येक ओळ पायथनमधून जाऊन मोठ्या अक्षरांत परत येते, आणि ‘यू’ दाबले की सगळे पूर्ववत होते. म्हणजे पायथनने केलेला बदल विमच्या पूर्ववत करण्याच्या इतिहासातही नीट नोंदला गेला. लुआसाठी ‘:लुआ प्रिंट(_व्हर्जन)’ पुरेसे आहे, मात्र त्यातले ‘व्हर्जन’ मोठ्या अक्षरांत टाईप करावे.

इथे एक गोष्ट अनेकांना चकवते. विमच्या आतला पायथन हा ज्या पायथनशी जोडला त्याचीच मॉड्यूल पाहतो. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवलेले मॉड्यूल टर्मिनलमध्ये सापडते आणि विममध्ये सापडत नाही, तेव्हा विममधून ‘सिस.पाथ’ छापून पाहावा आणि मॉड्यूल त्या ठिकाणांपैकी एखाद्यात आहे का याची खात्री करावी.

इतर यंत्रणांवर

मॅकवर आधी ‘एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल’ने कंपायलर मिळवावा आणि भाषा होमब्र्यूमधून घ्याव्यात, पुढच्या पायऱ्या त्याच. बायनरीला कोणत्या लायब्ररी जोडल्या आहेत हे लिनक्सवर ‘एलडीडी’ने पाहतात, मॅकवर ‘ओटूल -एल’ने, आणि यातला ‘एल’ मोठा. विंडोजवर कॉन्फिगर नसतो. तिथे ‘मेक_एमव्हीसी.मॅक’ किंवा ‘मेक_मिंग.मॅक’ या फाइलींना पायथनची डिरेक्टरी, आवृत्ती आणि ‘डायनॅमिक_पायथन३=येस’ (बरोबरीच्या चिन्हाआधीचे नाव मोठ्या अक्षरांत) अशी मूल्ये कमांडबरोबरच द्यावी लागतात. नियोविम (विमपासून फुटलेला वेगळा एडिटर) वापरणाऱ्यांना यातले काहीच लागू होत नाही, कारण तो लुआ अंगभूत ठेवतो आणि पायथनशी वेगळ्या प्रक्रियेमार्फत बोलतो.

पुढे नवी दुरुस्ती घ्यायची झाल्यास ‘गिट पुल’, ‘मेक डिस्टक्लीन’, तीच कॉन्फिगर कमांड, मेक आणि इन्स्टॉल हा क्रम पाळावा. कॉन्फिगरची कमांड म्हणूनच भांडाराबाहेरच्या एका छोट्या शेल स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवावी, कारण काही महिन्यांनी कोणते पर्याय दिले होते हे आठवण्यापेक्षा ती फाइल उघडणे सोपे जाते. ती हरवलीच तर ‘:व्हर्जन’च्या शेवटच्या ओळींत कंपाइल आणि लिंक करताना वापरलेल्या पूर्ण कमांड मिळतात. विम काढून टाकायचा असेल तर त्याच भांडारातून ‘मेक अनइन्स्टॉल’ द्यावे. म्हणून इन्स्टॉल झाल्यावर लगेच ती डिरेक्टरी पुसू नये.